भावाच्या पेशी

ताईच्या तळहातांची साल निघत होती. हातमोजे घालून मलम लावताना धाकट्या भावाची तिच्याकडे बघायची छाती होत नव्हती.

ताईला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा आपला बोनमॅरो, हाडांतला रक्त बनवणारा मगज, तिच्याशी तंतोतंत जुळला म्हणून त्यानं अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. आज सकाळी डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. केमोनं पोळलेली कातडी, आतडी रसायनं सोडून मदतीला हाका मारतात. त्या वासावर रक्तातल्या लढाऊ पेशी धावत जातात. पण त्याचा बोनमॅरो ताईला दिल्यापासून तिच्या रक्तातल्या त्या पेशी भावाच्या. त्यांना ताईचं अंग परकं वाटतं. मदत राहते बाजूला, त्या तिलाच पोखरत सुटतात. जितकी इजा, तितक्या हाका. आता औषधंही लागू पडत नव्हती.

ताईला सगळं ठाऊक होतं. "रडतोस काय वेड्या? लहानपणी मी हाक मारली की खेळ टाकून धावत यायचास. तुझ्याच आहेत ना त्या? मग सांग की त्यांना. म्हणावं, ही माझी ताई आहे."

तो तिच्या मनगटाशी वाकला आणि खरोखरच सांगायला लागला, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. हात सोडला तेव्हा हातमोज्याला कातडीचा आणखी एक पापुद्रा चिकटला होता.