केक करायला आलेली मुलगी

शिवानीने केकच्या मधोमध सुरी खुपसून पाहिली. सुरी कोरडी निघाली. परसातल्या चुलीवर, वाळू तापवलेल्या पातेल्यात केलेला केक एकदाचा फुलला होता. तिने फडक्याने केकचा डबा उचलला आणि सावलीत गार व्हायला ठेवला.

तेवढ्यात गंगासागर मागच्या बाजूने तिच्याजवळ आली. अंगावर हळदीची पिवळी साडी, हातात हिरवा चुडा. संध्याकाळी तिचं लग्न होतं.

“शिवे, मी चाललेय,” ती म्हणाली.

दोघी अंबाजोगाईला कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या. शिवानी होमसायन्सला होती, केक तिथंच शिकली. पुढं ती दिंद्रुडला आपल्या घरी गेली आणि गंगासागर घाटनांदूरला. आता गंगासागरचं लग्न ठरलं होतं लातूरच्या एका कंत्राटदाराशी. बसवेश्वर त्याचं नाव. बिजवर होता. नव्या चालीची माणसं, त्यांना मांडवात केक कापायचा होता, त्याचं व्हिडिओ शूटिंग करायचं होतं. अंडं न घालता केक करणारं जवळपास कुणी नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी दिंद्रुडला निरोप गेला आणि शिवानी आनंदाने आली.

“चाललेय म्हंजे? कुठं?”

“हैदराबादला, मावशीकडं. गाडी येईलच आता.” गंगासागरचे ओठ सुकले होते. “त्याची पहिली बायको आजारानं न्हाई गेली. जळून गेली. तिच्या माहेरची बाई काल सांगून गेली.”

“आप्पांना सांग ना.”

“सांगितलं. म्हणले, स्टोचा भडका झाला असंल. पत्रिका वाटल्यात, आता मागं फिरायचं न्हाई.” तिने शिवानीचा हात घट्ट धरला. “तू फक्त केक घेऊन पुढं जा. समदे तिकडं बघतील. तेवढंच कर माझ्यासाठी.”

शिवानीने जास्त विचार केला नाही. लोणी आणि पिठीसाखर फेटून ठेवलेली होती. ती तिने भराभर केकवर थापली, गुलाबी रंगाने दोघांची नावं काढली आणि ताट उचलून मांडवात नेलं. बायका भोवती जमल्या. आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बघायला आला. उन्हाने लोणी विरघळत होतं आणि शिवानी उगाच सांगत बसली होती, यात दही का घातलं, सोडा कधी घालायचा. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

नवरी घरात नाही हे कळलं तेव्हा वऱ्हाडाच्या सुमो गाड्या वेशीत आल्या होत्या. रडारड झाली नाही. गंगासागरचे वडील विरुपाक्षप्पा आणि भावकीतले चार जण माडीवर गेले, दार लावून बसले. मग वऱ्हाडातल्या दोघा वडीलधाऱ्यांना वर बोलावलं. खाली सनई चालूच होती.

विरुपाक्षप्पा उतरून आले ते सरळ स्वयंपाकघरात. शिवानी भांडी आवरत होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले.

“पोरी, तू बी आपल्यातलीच,” ते म्हणाले. “तुझ्या वडलांशी बोलणं झालंय. फोनवर हायत ते. ये.”

तिला आधी काही समजलं नाही. पुढच्या खोलीत रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवलेला होता. भोवती माणसं उभी होती. तिने तो कानाला लावला.

“दादा, मला न्यायला या.”

“माझं ऐक, शिवानी. एवढं मोठं स्थळ आपल्याला कुठनं मिळणार हाय? मांडव तयार हाय. काही मागणं न्हाई त्यांचं.”

“दादा, त्याची पहिली बायको जळून मेली.”



“सांगितलं मला त्यांनी,” वडील म्हणाले. “स्टो काय, कुणाच्या बी घरात भडकतो. तुझ्या मागं दोघी हायत, त्यांचं बघ. मी निघतोय. पण मी पोचायच्या आत अक्षता पडतील.”

कुणीतरी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

तिला आतल्या खोलीत नेलं. गंगासागरची आई, रुक्मिणीबाई, शालू घेऊन तिच्या मागोमाग आली आणि तिने आतून कडी घातली. शिवानी खिडकीपाशी गेली. गज होते. बाहेर भावकीतला एक जण खुर्ची टाकून बसला होता.

रुक्मिणीबाईने तिला हळूच मागे ओढलं. शालूच्या निऱ्या करायला घेतल्या. मग चुडा चढवला. शिवानीच्या बोटांना अजून लोण्याचा ओशटपणा होता, त्यामुळे बांगड्या सहज चढल्या.

“मावशी, तुमी तरी थांबवा,” शिवानी म्हणाली. “तुमालाबी लेक हाय.”

“लेक हाय म्हणून तर.”

रुक्मिणीबाईचा हात थांबला नव्हता. तिने शिवानीच्या कपाळाला विभूती लावली, पदर डोक्यावरून सारखा केला. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, नवरीला आणा म्हणून. ती उठली आणि कडीला हात घालून तशीच पाठमोरी उभी राहिली.

“सागरला यातलं काही ठाव न्हाई, तिला बोल लावू नको,” ती म्हणाली. “लातूरच्या लोकांनी केक मागितलाच न्हवता, पोरी. तुला मीच बोलावून घेतलं.”