तीस सप्टेंबरची साक्ष

ढोलकीला चामड्याची नवी पुडी.

खुर्च्यांना पांढरी कव्हरं, पाठीवर सोनेरी फितीची गाठ.

लातूरच्या स्टँडवर किल्लारीची एसटी लागलेली. कंडक्टर तोंड न उघडता नुसताच हातानं बोलावतो.

बॅनरवर एका म्हातारीचा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत: ‘ढिगाऱ्याखालून स्तुती!’

पिशवीत दोन भाकरी, चटणी, ओल्या फडक्यात झेंडू.

पिशवी केवळाबाईची. फोटोही तिचाच. तिला एसटी गाठायची होती.

तिची खोली चर्चच्या आवारात, त्यामुळे फाटक चुकवून जाता येत नव्हतं. फाटकात पास्टर आदर्श उभा होता, कॉलरला माइक अडकवून.

“आजी, आज कुठं?”

“किल्लारीला. जुन्या गावात.”

“आज? आज तुमची साक्ष आहे. नांदेडहून, उदगीरहून मंडळी निघालीत.”

“दरसाली भूकंपाच्या दिवशी मला हितंच धरून ठिवता. एक डाव तिकडं जाऊ द्या की, बाबा.”

“उद्या मी स्वतः गाडीनं नेतो.”

“उद्या तीस तारीक हाय का?”

आदर्श हसला. थोरामोठ्यांच्या हातातलं ओझं घ्यावं तशी त्यानं पिशवी घेतली, आणि ती त्याच्या मागं परत फिरली.

साक्ष सगळ्यांना पाठ होती. त्र्याण्णव सालचा भूकंप. घर बसलं. घरातलं दुसरं कोणी उरलं नाही, हे एका वाक्यात यायचं. मग जवान गल्लीगल्लीतून फिरू लागले, आणि एका ढिगाऱ्याखालून त्यांना गाणं ऐकू आलं. रविवारच्या शाळेतलं साधं गाणं, देवाला घरी बोलावणारं. आवाजाच्या रोखानं त्यांनी दगडमाती उपसली. केवळाबाई जिवंत निघाली.

पहिल्याच वर्षी तिनं माइकवर सांगून टाकलं होतं, “ते गाणं म्या गायलं न्हाई.”

मंडळी गहिवरली. तेव्हाचे पास्टर डोळे पुसत म्हणाले, “पाहा ही नम्रता! मी नाही, प्रभूच माझ्यातून गायला, असं ही म्हणतेय!”

पुढच्या वर्षी ती पुन्हा तेच म्हणाली. हालेलुया आणखी जोरात झालं. त्यानंतर तिनं तो नाद सोडला. स्टेजवर जायचं, “वाचले” म्हणायचं, खाली बसायचं. गाणं गायक मंडळ म्हणायचं, तेही पहिलंच कडवं.

स्टेजमागं आदर्शची बायको मनिषा तिच्या पदराला पिन लावत होती.

“आजी, यंदा गाणं तुम्हीच म्हणायचं. लाइव्ह जाणार आहे.”

“तूच म्हण माय. तुजा गळा गोड हाय.”

“माझा गळा ऐकून लोक कंटाळलेत. आणि गाताना हात वर करा हं. मागच्या साली बाजारात वांगी निवडायला आल्यागत उभ्या होतात.”

केवळाबाईला हसू आलं. “खाली ठिवलेले हात देवाला दिसत न्हाईत का?”

“देवाला दिसतात हो. कॅमेऱ्याला दिसत नाहीत.”

केवळाबाई खुर्चीवर टेकली. बाहेर कुणीतरी माइकवर हॅलो, हॅलो करत होतं.

“गायले तर पुढच्या साली जाऊ देशाल? तीस तारखेलाच?”

“देऊ,” दारातून आदर्श म्हणाला. “सगळ्यांसमोर शब्द देतो.”

ती उठली.

दिव्यांच्या उजेडात तिला समोरचं कुणीच दिसत नव्हतं. हात वर गेले नाहीत. ती गायला लागली. आवाज बारीक, घासलेला. ढोलकीवाल्यानं लय धरायचा प्रयत्न केला, पण ती मध्येच श्वासाला थांबायची, पुन्हा धरायची, आणि शेवटी तोच तिच्यामागून जाऊ लागला.

पहिलं कडवं झालं. तेवढंच ठरलं होतं. ती थांबली नाही. दुसरं सुरू केलं.

दुसऱ्या कडव्यात, एका शब्दाच्या अर्ध्यावर, ती गप्प झाली.

ढोलकी दोन थापा पुढं गेली आणि थांबली. मनिषानं मागून शब्द पुरवला. केवळाबाईनं नको अशी मान हलवली. ती तशीच उभी राहिली, भिंतीपलीकडून कुणाची चाहूल घ्यावी तशी.

“दाटून आला!” आदर्शनं माइक ओढला. “आत्म्यानं हिचा कंठ दाटून आला! हात वर करा, मंडळी!”

सगळे हात वर गेले. मोबाईलही.

त्या गजरात ती पायऱ्या उतरून मागं आली. एसटी केव्हाच गेली होती. मनिषानं तिला पाणी दिलं.

“छान झालं, आजी. पण पूर्ण का नाही म्हटलंत? पुढचं विसरलात?”

“पुढचं मला कुठं ठावं हाय?” पाण्याचा ग्लास तिनं न पिताच खाली ठेवला. “तेवढंच ऐकलं हुतं.”

त्र्याण्णव साली ढिगाऱ्याखाली केवळाबाईच्या शेजारी तिची लेक सुकन्या गात होती, आणि जवानांचे हात पोचायच्या आधी तिचा आवाज थांबला.