साठ जोड्यांतला एक

“साठच्या साठ जोड्या माझ्या, सायेब. मोजून घ्या की!” आकाराम ठेकेदार म्हणाला, आणि केरबाच्या हातातला कासरा गळून पडायचाच बाकी राहिला.

रांगेतली पहिलीच जोडी केरबाची होती. मुरगूडच्या शिवारात जन्मलेली, त्यानं स्वतःच्या हातानं पेंड चारून वाढवलेली. परवा ठेकेदाराचा माणूस गावात येऊन सांगून गेला होता, “कोल्हापुरात दरबार बैल बघणार हाय. पहिल्या जोडीला भरजरी फेटा.” झालं! बैल म्हटलं की आमच्या मुलखातला माणूस अर्धा येडा होतो, आणि फेटा म्हटलं की पुरा. गावोगावचे लोक बैलांच्या शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग फासून शाहूपुरीतल्या ठेकेदाराच्या या तळावर हजर झाले. केरबाच्या बायकोनं, शालूबाईनं, तर लाल लोकरीचा गोंडाही करून दिला होता. तो ठेकेदाराच्या माणसानं फाटकातच काढायला लावला. “गोंडा कशाला? गप कासरा धरून हुबा ऱ्हा.” केरबानं तो कोपरीत कोंबला. तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती.

दरबारनं धाडलेले साहेब खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “आकाराम, तक्रार अशी आहे, की घाटात लुटलेलं सोनं तू विकतोस, आणि तो पैसा सरकारी ठेक्याची कमाई म्हणून दाखवतोस.”

“सोनं? मी?” ठेकेदार हसला. “दोन वर्सं माझ्या साठ गाड्या दरबारच्या रस्त्याला खडी वढत्यात. कागदावर सह्या हायती, शिक्के हायती. आन् बैल तर म्होरंच हुबं हायती. ही काय हवेतनं आली?”

काय माणूस म्हणावा! एवढं धडधडीत खोटं, पण मिशीचा केस हलेल तर शपथ. केरबा बघतच राहिला.

“ठीक. चौकशी पुरी होईपर्यंत ही जनावरं विकायची नाहीत. एकेकाला दरबारचा डाग द्या.”

“द्या की, खुशाल द्या!” ठेकेदार म्हणाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

एकदा डाग बसला की जोडी ठेकेदाराची, मग जन्मभर बोंबलत बसा. त्यानं तोंड उघडलं. मागं ठेकेदाराचे दोन लाठीवाले उभे होते. “सायेब…” त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

डाग द्यायला मौला नालबंदाला बोलावलं. खडीवर बैलाचा खूर झिजतो, म्हणून खुराला लोखंडी पत्र्या ठोकाव्या लागतात. म्हाताऱ्या मौलाचा तोच धंदा, आणि त्याची भट्टी याच तळाच्या कोपऱ्यात. “ह्या समद्यांना पत्र्या ह्येनंच मारल्यात. इचारा की त्याला,” ठेकेदार म्हणाला.

मौला लालभडक सळई घेऊन केरबाच्या बैलापाशी आला. पण जनावर समोर आलं की आधी खूर बघायचा, ही त्याची चाळीस वर्षांची खोड. त्यानं सळई दगडावर टेकवली, खाली बसला, खूर गुडघ्यावर घेतला. अंगठा खुराच्या कडेनं फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

“मौला, बघत काय बसलास? तुझाच हात हाय की त्यो!” ठेकेदार ओरडला.

मौला उठला. त्यानं सळई उचलली, तसे केरबानं डोळे गच्च मिटले. चर्रर्र झालं. बैल मात्र हलला नाही. केरबानं डोळे उघडले. सळई पाण्याच्या डोणीत होती.

“सायेब, ह्या खुराला एक खिळा लागलेला न्हाय. ह्यो काळ्या रानातला बैल. खडी वढली असती तर पंधरा दिसांत रगात आलं असतं. आन् खडी वढणाऱ्या बैलाच्या शिंगाला हुरमुंज कोण लावतंय?”

“थेरड्या! तुझी भट्टी कुणाच्या जागेत हाय, इसरलास व्हय?”

“भट्टी तुमच्या जागेत हाय, शेट. हात न्हाय.”

आणि म्हातारा रांगेनं निघाला. बसायचा, खूर उचलायचा, अंगठा फिरवायचा. “न्हाय.” पुढचा. “न्हाय.” साहेब खुर्ची सोडून त्याच्या मागोमाग चालू लागले. एवढा मोठा ठेकेदार, एवढे सह्या-शिक्के, आणि एक फाटका म्हातारा नुसत्या अंगठ्यानं ते सगळं मोडत चालला होता!

शेवटच्या जोडीत एका उसन्या बैलाशेजारी एक हाडं निघालेला बैल होता. मौलानं त्याचा खूर हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. खूर निम्मा झिजलेला, कडेला खिळ्यांच्या भोकांची चाळण.

“ह्यो मातूर शेटचा, सायेब. दोन वर्सं खडी वढली ती ह्यानं. ह्येचा जोडीदार गेल्या साली रस्त्यातच बसला, त्यो उठला न्हाय. ह्यो उरला.”

साहेबांनी शिपायांना ठेकेदाराकडं बोट दाखवलं. मग रांगेकडं वळून म्हणाले, “ज्याचे बैल त्यानं घेऊन जा.”

एकेक जोडी फाटकाबाहेर पडू लागली. केरबा आपली जोडी घेऊन निघाला, पण त्या बैलापाशी येऊन थांबला. त्यानं कोपरीतून लाल गोंडा काढला, त्याच्या शिंगाला बांधला, आणि वाकून त्याच्या खुरांना हात लावला.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

या वेळी केरबाचा आवाज फाटकापर्यंत गेला. “दरबार बैल बघणार हुता न्हवं, सायेब? पयला नंबर ह्येचा.”