केसरीनाथच्या भिंतीवर उजेड

गावदेवीच्या पायरीवर हात ठेवून सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा. मनोजनं खडू घेतला आणि केसरीनाथच्या भिंतीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली.

केसरीनाथ तेव्हा आपल्या ओट्यावर चहा पीत बसला होता. ओटा गल्लीच्या तोंडाशी, तिथून पुतण्याचं अंगण नको तेवढं दिसायचं. आमच्या टेमघर गावात कुणाच्या बांधाचं भांडण लागलं, कुणाची पागोळी कुणाच्या दारात पडली, की पंच म्हणून ह्यालाच बोलवायचे. त्यामुळे दिवेलागणीला ओटा माणसांनी भरलेला. रेघ दिसली आणि त्यानं चहा खाली ठेवला. भिवंडीत भिंतीवर रेघ दोनदाच पडते. एक तोडायला येतात तेव्हा, नाहीतर मोजायला येतात तेव्हा.

"कोनाला इचारून रेघ मारलीस रं?"

मनोज हा त्याच्या भावाचा, रामनाथचा मुलगा. रामनाथचं बारावं झालं तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद होतं, चालू होते ते फक्त टोमणे. मनोजनं गाडीकडे बोट केलं. लडाखला न्यायची ती मोठी मोटारसायकल, दुपारभर अंगणात बसून त्यानं तिला दोन जादाचे लाईट लावले होते. बॅटरीपासून वायर ओढली, रिले बसवला, हँडलला स्विच लावला. आता राहिलं होतं ते लाईटचं तोंड वाकवणं. लाईट जेवढा उंच तेवढ्यावर भिंतीला रेघ मारायची, उजेड तिच्या खाली ठेवायचा, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. अंगणात सपाट भिंत एकच, ती काकाची.

केसरीनाथनं विचारलं, तुझ्या गोदामाची भिंत काय उंदरांनी खाल्ली? मनोज म्हणाला, तिथं कंटेनर लागलेत. तेवढ्यात केसरीनाथची बायको हौसा भांडी घासलेल्या पाण्याची बादली घेऊन आली आणि ती अख्खी रेघेवर ओतली. बाप खाटेवर पडला तेव्हा ह्याला फुरसत न्हवती, म्हणाली, आता बरी दिवे लावायला फुरसत हाय. ओट्यावरचे हसले. मनोज हसला नाही, रागावलाही नाही. फडक्यानं भिंत पुसली आणि पुन्हा रेघ मारली, पहिलीपेक्षा ठळक.

आता भिंतीतली गोम सांगते. भिंत तिरकी होती. रामनाथ अंथरुणाला खिळला त्याच साली केसरीनाथनं ती बांधली, आणि गल्लीकडचं टोक गुपचूप भावाच्या अंगणात सरकवलं. आता गोदामासाठी केसरीनाथची जागा भाड्यानं घ्यायला मोठी पार्टी येणार होती, आणि तेवढी जागा गेली तर केसरीनाथच्या फाटकातून कंटेनर वळणार नव्हता. वर पुन्हा पंचाचा मान. सगळ्या गावाचे बांध सरळ करणाऱ्याची स्वतःची भिंत तिरकी निघाली, तर तोंड कुठं लपवायचं? ही गोम नवरा-बायको दोघांनाच ठाऊक. मनोजला तिचा गंधही नव्हता.

त्यानं स्विच दाबला. काय सांगू तो उजेड! कामतघरच्या लूमवाल्यांना वाटलं उजाडलं, नाईट शिफ्टवाले डबे उचलून घरी निघाले. कशेळीला खाडीतले मासे पाण्याबाहेर येऊन बघायला लागले. केसरीनाथच्या भिंतीचा पापुद्रा न् पापुद्रा दिसत होता.

मनोज जरा मागे सरला. एक गोळा मोठा पडतोय आणि एक लहान, म्हणाला, गाडी वाकडी लागली वाटतं. आत गेला आणि टेप घेऊन आला. घराच्या जोत्यापासून भिंतीपर्यंत दोन्हीकडून मापतो, म्हणजे गाडी सरळ लावता येईल, असं ओट्यापर्यंत ऐकू जाईल इतकं मोठ्यानं बोलला. परसाकडच्या बाजूला माप घेतलं, आकडा मोठ्यानं वाचला. मग टेप गुंडाळत सावकाश गल्लीकडच्या टोकाला यायला लागला.

केसरीनाथ उठून उभा राहिला. हौसानं त्याचा सदरा धरला, घरात चला म्हणाली. त्यानं तिचा हात झटकला आणि ओट्यावरून खाली उडी मारली.

"हातभर कमी भरलं तर काय झालं? तुज्या बापानं कबूल केलं व्हतं मना!"

मनोज जागच्या जागी थांबला. टेपचं टोक अजून त्याच्या मुठीतच होतं. भिंतीला लागलंच नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "मी गाडी सरळ करत होतो."

मग ओट्यावरून अण्णा उठले. गेल्याच साली त्यांचा बांध केसरीनाथनं पंच म्हणून मागे घ्यायला लावला होता, चार माणसांत कान धरल्यासारखा. अण्णांनी अर्धा चहा तसाच ठेवला, अंगणात आले, मनोजच्या मुठीतून टेपचं टोक घेतलं आणि स्वतः भिंतीला लावलं. केसरीनाथ हातभर म्हणाला होता. वीतभर जास्तच निघालं.

पार्टीनं जागा दुसरीकडे घेतली. गणपती यायच्या आत केसरीनाथनं स्वतः गवंडी लावून भिंत मागे घेतली. त्याचा ओटा आता दिवेलागणीला रिकामा असतो, आणि बांधाचं भांडण लागलं की लोक अण्णांकडे जातात. मनोज लडाखला जाऊन आला.

सगळं खरं, शपथ उगाच नाही घेतली. मनोजला गंध नव्हता, तेवढं मात्र मी पदरचं घातलं.