ट्रॅक्टर एक

"ट्रॅक्टर एक, धावपट्टीच्या अलीकडे थांबा. विमान उतरतंय."

"हव."

टॉवरमधून उर्वशीने बटण पुन्हा दाबलं. "नुसतं 'हव' चालणार नाही. सांगितलं ते परत म्हणा."

खाकरल्याचा आवाज आला. "धावपट्टीच्या अलीकडे थांबतो. ट्रॅक्टर एक."

पुढची पाळी घ्यायला आलेला घनश्याम हसला. तो नुकताच बदलून आला होता. "ताई, हा म्हातारा तुमच्याच पाळीत काहून विसरते? माह्या पाळीत तं पोपटासारखा म्हणते."

"विसरत असेल."

"बाभुळगावचा आहे धर्मपाल. तुमचं माहेरबी तिकडचंच ना?"

"लग्नानंतर तिकडे जाणं नाही," ती म्हणाली आणि दुर्बीण उचलली.

यवतमाळजवळच्या या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उतरत. त्या वर्षी कापसाने दगा दिला, वैरण परवडेना, म्हणून लोकांनी मोकळी सोडलेली गुरंही तिथेच चरायला येत. ती हाकलायचं काम धर्मपालचं. ऐकण्यात जरा चूक झाली, की विमान आणि ट्रॅक्टर एकाच जागी आले असते. म्हणून वायरलेसवर उर्वशी कोणालाच सूट देत नसे. वैमानिकानेही उतरण्याची परवानगी शब्दन्‌शब्द परत म्हटली, तेव्हाच तिने मान हलवली.

विमान उतरलं, वळून बाजूला गेलं.

"ट्रॅक्टर एक, धावपट्टी ओलांडा."

"धावपट्टी ओलांडतो. ट्रॅक्टर एक." थोडी खरखर झाली. "जेवली काय?"

घनश्यामने भुवया उंचावल्या.

"ट्रॅक्टर एक, कामापुरतंच बोला."

"कामापुरतंच बोलतो. ट्रॅक्टर एक."

लाल ट्रॅक्टर सावकाश पलीकडे गेला. तो शेडमध्ये शिरेपर्यंत तिने दुर्बीण खाली ठेवली नाही. मग डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर निघालाच नाही. गुरं हाकलायला दुसरा माणूस काठी घेऊन धावत होता. घनश्याम जिना चढून आला तो टोपी हातात घेऊनच.

"धर्मपाल गेला, ताई. रात्री झोपेतच. मी मयतीला जाऊन राह्यलो. येता काय?"

"विमान यायचंय. टॉवर कोण सांभाळेल?"

"हे बी खरं."

तो गेला. विमान आलं. तिने वारा सांगितला, परवानगी दिली, वैमानिकाचं परत म्हणणं नीट ऐकलं. एक शब्द राहिला होता, तो तिने पुन्हा म्हणवून घेतला. विमान उतरलं, बाजूला लागलं, पंखा थांबला. धावपट्टी रिकामी झाली.

उर्वशीने बटण दाबलं.

"ट्रॅक्टर एक."

बटण सोडून ती खाकरण्याची वाट पाहत राहिली. नुसती खरखर आली. तिने पुन्हा बटण दाबलं.

"जेवली मी, बाबा."