चाकाखालची लिंबं

मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला तो ऑइलने माखलेली बोटं दाखवतच. "शॉकअब्सॉर्बर फुटलाय, खालचा आर्म वाकलाय. पूजेचा हार अजून सुकला नाही, आणि एवढी सुसाट फुटपाथवर घातली कोणी?"

शैलाताईंना हसू आवरेना. सकाळी पूजेनंतर चाकांखालची लिंबं चिरडून थांबायचं, एवढंच ठरलं होतं. पण लिंबं फुटली आणि साठीच्या ताईंच्या अंगात वारं शिरलं. कॉलनीला फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, शेजारीपाजारी गॅलरीत जमले, आणि कोपऱ्यावरच्या वळणाला फुटपाथच आडवा आला.

तेवढ्यात यजमानांनी घसा खाकरला. बायकोची शोभा नको, म्हणून ते म्हणाले, "मीच चालवत होतो."

ताईंचं हसू थांबलं. "काय खोटं बोलता हो! तुम्ही तर डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणत होतात!"