समोरचा ओव्हन

"जुन्याचं काय करायचं, बाई?" नवा ओव्हन ओट्यावर सरकवत फिटरनं विचारलं.

"घेऊन जा. सात वर्षांत एक केक धड फुगला नाही त्यात. डोळ्यांसमोर नको."

तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे सगळी इमारत त्यांना बाई म्हणे, नवरासुद्धा. जुना ओव्हन दाराशी काढून ठेवला होता. झालरीच्या कव्हरखाली त्याच्या अंगावर कंपनीचं नाव छापलेला प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच होता, आता पिवळा आणि मळकट झालेला. बाईंच्या घरी नव्या वस्तूचा कागद काढत नसत. रिमोट पिशवीत, सोफ्यावर चादर आणि चादर खराब होऊ नये म्हणून तिच्यावर दुसरी चादर.

जाण्यापूर्वी फिटरनं नव्या ओव्हनच्या पाठीवर, कागद नसलेल्या पत्र्यावर, काळ्या मार्करनं तारीख घातली. प्रत्येक वस्तूवर तो घालायचा, म्हणजे पुढे वॉरंटीवरून वाद नको. बाईंनी लगेच लाल पेन काढलं, तारखेखाली बरोबरची खूण केली, 'पाहिले' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"दुधाच्या बिलालाही सोडत नाही ही," नवरा फिटरला म्हणाला.

बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

एवढा खटाटोप नातीसाठी होता. दोन महिन्यांनी तिच्या शाळेला सुट्टी लागली आणि ती राहायला आली. बाईंनी पहिल्याच दिवशी केक केला. तो बसका निघाला. नातीनं दोन घास खाल्ले, "छान आहे हं आजी," असं शहाण्यासारखं म्हणाली आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी ती घरात सापडेना. शेवटी समोरच्या दारातून तिचं हसू ऐकू आलं.

समोरची एकटीच राहायची. शिवणकाम करून पोट भरायची. आजवर बाईंनी तिच्याकडे दुरुस्तीच्या कपड्यांपलीकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मात्र त्या तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि जागच्या हलेनात. लोणी-साखरेचा वास घरभर दरवळत होता. ओट्यावर एक ओव्हन होता. दार आरशासारखं लखलखीत, बटणं तांबडी. कंपनीचं नावही कुठे नव्हतं. परदेशी माल, बाईंनी ताडलं.

"मुलानं पाठवला वाटतं?"

समोरची हसली. "मुलगा फोन करतो तेच पुष्कळ. जुनाच आहे हो, बाई. मी आपला घासूनपुसून वापरते."

जुना म्हणे! बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते दुपारच्या झोपेनंही थांबलं नाही.

मग रोजचंच झालं. नात सकाळी जी समोर जाई ती नाकाला पीठ लावून जेवायला उगवे. नवराही पेपर परत करायच्या निमित्ताने जाई आणि मिशीला चुरा घेऊन येई.

"समोरची आजी मला सगळं स्वतः कालवू देते," नात एकदा म्हणाली.

"इथेही केलं असतंस. पण ओव्हनला पिठाचे हात लावायचे नाहीत. कागद खराब होतो."

 नात चपला घालून निघाली.

तिच्या जाण्याला आठवडा उरला तेव्हा बाईंनी ठरवलं. नातीनं शेवटचा केक खायचा तो आजीच्या हातचा. हाताला दोष नव्हता, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्या तडक समोर गेल्या.

"माझा कोरा करकरीत ओव्हन तू घे. तुझा मला दे."

समोरचीच्या हातातली कात्री थांबली. "नको हो बाई. तुमचं नुकसान होईल."

"माझं मी बघेन."

"लोक मला नावं ठेवतील."

"द्यायचा नाही असं सरळ सांग की!"

समोरची बराच वेळ कापडाची घडी घालत राहिली. "फिटरला बोलवा," ती शेवटी म्हणाली. "तो काय म्हणतो ते ऐका. मग तुमची मर्जी."

"अगं, शेजारणीचा ओव्हन कुणी मागतं का?" नवऱ्यानं डोक्याला हात लावला. पण बाईंनी एकदा मनात घेतलं की ते फळ्यावरचं लिहिणं, पुसायची कुणाची टाप नव्हती.

फिटर आला. काय करायचंय ते ऐकून स्टुलावर बसला. समोरचीकडे बघितलं, तिनं मान खाली घातली. त्यानं तांब्याभर पाणी संपवलं.

"बाई, पुन्हा एकदा विचार करा."

"तुला बसवायला बोलावलंय. विचार माझा झालाय. आणि आधीच सांगते, नंतर परत मागायचं नाही. तिनं नाही, मीही नाही."

"बरं," फिटर म्हणाला.

नवा ओव्हन समोर गेला. त्याच्या मागोमाग केकचे साचे छातीशी धरून नातही धावत गेली. बाईंनी तिला हाक मारली नाही. संध्याकाळी वास सुटला की येईलच धावत, पोर कुठे जाते! ओटा पुसून त्या तयारीत उभ्या राहिल्या. जिंकल्यासारखं वाटत होतं.

फिटरनं समोरचा ओव्हन आणून ओट्यावर ठेवला. आरशासारख्या दारात बाईंना स्वतःचा चेहरा दिसला, त्यांनी केस सारखे केले. इतकं सुंदर दार आपल्या घरी कधीच नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं.

"वायर मागे अडकलीये," फिटर त्यांच्याकडे न बघता म्हणाला, आणि त्यानं ओव्हन फिरवून त्याची पाठ बाईंकडे केली.

पाठीवर काळ्या मार्करनं सात वर्षांपूर्वीची तारीख घातली होती. तिच्याखाली लाल शाईत बरोबरची खूण होती, 'पाहिले' असं लिहिलेलं होतं, आणि बाईंची सही होती.